पॅटिओ, कूलर आणि बशीरची पेटी

आमच्या घराला पॅटिओ आहे, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

तोवर मी त्या जागेला परस म्हणत होते. मागच्या दारी शहाबादी फरशी, वर पत्रा, एका कोपऱ्यात धुण्याचा दगड, दुसऱ्या कोपऱ्यात मोडकी सायकल (आमच्या ह्यांची, टाकू देत नाहीत), आणि भिंतीवर कोळिष्टकांनी भरलेली एक लोखंडी पेटी. पुण्याहून आलेला आमचा रोहन हातात चहा घेऊन तिथं उभा राहिला आणि म्हणाला, "आई, काय मस्त पॅटिओ आहे गं! इथं टीव्ही लाव की एक."

रोहनच्या पुण्यात खिडकीला बाल्कनी म्हणतात, हे मला माहीत आहे. तरी शब्द आवडला. दुसऱ्या दिवसापासून मी धुणं पॅटिओवर वाळत घालायला लागले.

आता माझ्याबद्दल थोडं. मी तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. अख्खी गल्ली मला 'टीचर' म्हणते. भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो, ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही तेसुद्धा म्हणतात. टीचरना सगळं कळतं असा गल्लीचा समज आहे. हा समज मीच पसरवलेला आहे.

टीव्हीचं खरं कारण मात्र मनीषा. माझ्या नणंदेची, शकूवन्संची धाकटी. उजनीच्या पाण्याकाठी त्यांचा ऊस आहे, केळी आहेत, चार शेरडं आहेत, आणि ही एक मुलगी आहे जी खो-खो खेळते. नुसती खेळत नाही, राज्याच्या संघात आहे! पण तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, तिचा एकही सामना आजतागायत पाहिलेला नव्हता. "पोरीच्या जातीनं मैदानात पळायचं काय?" हे त्यांचं मत, आणि दाजींचं मत म्हणजे विहिरीचा दगड, एकदा बसवला की हलत नाही. येत्या रविवारी मनीला बघायला पाहुणे येणार होते. लग्न ठरलं की खेळ बंद.

मनीनं मला फोन केला. "मामी, शुक्रवारी फायनल हाय. टीव्हीवर दावणारेत. आप्पांनी एकदा, निस्तं एकदा मला पळताना बघू दे. मग काय म्हणतील ते मान्य."

गावी ऐन संध्याकाळी लाइट जाते. म्हणून सामना बघायला आमच्याकडंच या, असं सांगायला मी दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "येतो वहिनी. तुमी म्हणता म्हनून येतो. बघतो काय दिवं लावती ती. न्हाय पटलं तर ऐतवारी सुपारी फोडायची."

"दाजी, एवढ्या मोठ्या पडद्यावर दाखवते की पोरीच्या कपाळावरचा घाम मोजाल!" मी म्हणाले. (वचन देताना माझा आवाज नेहमीच मोठा असतो.)

झालं! मी कामाला लागले. आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत जाऊन टीव्ही भिंतीला अडकवायचा स्टँड आणला. दुकानदारानं विचारलं, "आतल्या भिंतीला का बाहेरच्या?"

"पॅटिओला."

"म्हणजे परसात?"

काही माणसांची प्रगती होत नाही.

बैठकीतला मोठा टीव्ही परसात, हे आपलं, पॅटिओत गेला. उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून वरून चादर टांगली. आणि मग प्रश्न आला, केबल की ॲप?

आमचे हे म्हणाले, "केबल आहे की. फुकट आहे."

फुकट होती हे खरं. त्यामागं एक हृद्य कथा आहे. आमचा केबलवाला बशीर हा माझा विद्यार्थी. अपूर्णांकात कच्चा. सातवीत मी त्याचा कान असा पिळला होता की पोरगं सुधारलंच. त्या उपकाराची जाण ठेवून त्यानं बारा वर्षांत आमच्याकडून केबलचा एक पैसा घेतला नव्हता. गुरुदक्षिणा! ही कथा मी हळदीकुंकवात सांगितली आहे, बारशात सांगितली आहे, एकदा दातांच्या डॉक्टरकडं तोंडात कापूस असताना सांगितली आहे. मी सांगत असताना आमचे हे दरवेळी खोकायचे. मला वाटायचं, सुपारी लागली.

"केबल?" मी ह्यांना म्हणाले. "अहो, केबल कोण बघतं आता? ती पलीकडची व्यंकम्मा बघते!"

व्यंकम्मा म्हणजे आमची भिंतीला भिंत शेजारीण. तिच्या मागच्या ओसरीवर पाठीला कुबड असलेला जुना डबडा टीव्ही आहे. चालू करायला त्याच्या डोक्यावर थापट मारावी लागते. मी त्याला तिच्यादेखत डबडं म्हटलेलं आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. ती आपली हसते आणि म्हणते, "दिसतंय न्हवं टीचर, मग झालं की!"

शेवटी मी बशीरला फोन केला. "बशीर, तुझी केबल बंद. आम्ही आता ॲपवर गेलो."

"टीचर, ठीक है, लेकिन वो बॉक्स..."

"बॉक्सबिक्स काही नको आम्हाला."

"नहीं टीचर, सुनो तो, वो पीछे का..."

मी फोन ठेवला. तीस वर्षं वर्गात कुणाला मध्ये बोलू दिलं नाही, आता काय देणार?

ह्यांनी भीत भीत विचारलं, "पण नेट कुठून येतं आपल्याकडं?"

"वायफाय आहे ते. बिनतारी. त्याला तार नसते."

हे छताकडं बघत बसले. ह्यांना विज्ञान जमत नाही.

ॲप म्हणजे तरी काय लाडाकोडाचं प्रकरण! त्याला आधी आपलं नाव सांगा, मग पासवर्ड सांगा, मग 'तुम्ही खरंच तुम्ही आहात का' म्हणून रोहनच्या मोबाईलवर आकडा जाणार. तो मीटिंगमध्ये. मग त्यानं तो मला कळवायचा, मी रिमोटनं एकेक आकडा खुडत बसायचं, शेवटचा आकडा टिपेपर्यंत वेळ संपलेला! चार वेळा झालं. पाचव्या वेळी रोहन म्हणाला, "आई, केबलच बरी होती." मी त्याला म्हटलं, तुझं शिक्षण फुकट गेलं.

पण लागलं! स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून दोन दिवस चालवून बघितलं. चित्र असं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईची पावडर दिसावी. मी मुद्दाम आवाज वाढवून ठेवला. पलीकडून व्यंकम्मा म्हणाली, "लई भारी आवाज येतोय टीचर!" मनातून जळली असणार.

शुक्रवार उजाडला. सोलापूरचा मे महिना. सांगायची गरज नाही. फरशीवर पाणी मारलं की फरशी ते पिऊन आणखी मागते. पाच वाजता दाजी आणि शकूवन्सं आले. दाजी पांढऱ्या धोतरात, फेटा मांडीवर, कोर्टात साक्ष द्यायला बसावं तसे खुर्चीत बसले. मी कडक भाकरी, शेंगाचटणी, ताक सगळं पुढं केलं. दाजींनी शिवलंसुद्धा नाही.

सहा वाजता सुरू झालं. संघ एकेक करत मैदानात आले आणि मनीचा चेहरा पडद्यावर दिसला. हा एवढा! शकूवन्संनी तिथंच पदर तोंडाला लावला. "अगं बाई, माजी मनी! किती वाळली गं!"

दाजी जरा पुढं सरकले. मी ते टिपलं. बाई, आपण जिंकणार!

तेवढ्यात दाजींनी उपरण्यानं मान पुसली. "वहिनी, लई गदमदतंय हितं."

आता हा माणूस उकाड्यानं उठून आत गेला तर? मी ह्यांना कोपऱ्यावर बर्फ आणायला पिटाळलं आणि बैठकीतला कूलर ढकलत आणला. पण प्लग लावायचा कुठं? एक्स्टेंशनवर टीव्ही, आणि बोर्डाचं दुसरं भोक जळकं. बाहेरच्या भिंतीवर एकच सॉकेट, आणि त्यात त्या कोळिष्टकवाल्या लोखंडी पेटीचा काळा प्लग वर्षानुवर्षं बसलेला. ह्यांनी कधीतरी बसवलेली अडगळ! सायकल टाकत नाहीत, पेटी टाकत नाहीत! मी तो प्लग उपटला, फुंकर मारली, कूलरचा घातला.

गार वाऱ्याचा झोत आला. "हाऽऽ!" दाजी म्हणाले. दिवसातला त्यांचा पहिला खुशीचा उद्गार. मी धन्य झाले.

आणि पडद्यावर पंचानं शिट्टी तोंडात धरली, धरली, धरूनच ठेवली. मध्ये एक वर्तुळ फिरायला लागलं.

"हे काय म्हनायचं?" दाजींनी विचारलं.

"काही नाही दाजी, ते काम चालू आहे असं सांगतंय."

त्याच क्षणी गल्लीतून आरडाओरडा सुरू झाला. "केबल गेली! ओ, केबल गेली!" खालच्या आळीपासून वरच्या बोळापर्यंत एकच गलका.

मला हसू आवरेना. "बघितलंत दाजी? ही केबल! ऐन वेळेला गचकते. म्हणून मी म्हणते, शहाण्या माणसानं केबलच्या नादी लागू नये. बसा म्हणावं आता अंधारात!"

दाजी वर्तुळाकडं बघत होते. "आनि आपलं काम कवा हुयाचं?"

पाच मिनिटं गेली. दहा गेली. वर्तुळ फिरतच होतं. दाजींनी एकदा कूलरकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. "वहिनी, पोरगी बसलीया का पळतीया, ह्ये कसं कळायचं?"

मी रोहनला फोन लावला. "आई, राउटर बंद करून चालू कर."

केलं. राउटरवर लाल दिवा. दोनदा केलं. तरी लाल.

"मग मोबाईलवर बघा."

मोबाईलवर ॲप उघडलं. गल्लीतला प्रत्येक जण त्याच वेळी मोबाईलवर सामना शोधत होता, त्यामुळं चित्राचे चौकोन चौकोन झाले. एका चौकोनात कुणाचा तरी गुडघा होता. शकूवन्सं म्हणाल्या, "मनीचाच हाय. लहानपणी पडली हुती, ती खूण हाय बघा." तेवढ्यात गुडघाही गेला.

दाजी उठले. फेटा डोक्यावर ठेवला. हे फार वाईट चिन्ह होतं. "वहिनी, तुमचा काय दोष न्हाय. आमच्या नशिबातच न्हाय ते. आठची यष्टी घावंल का?"

"अहो दाजी, थांबा! पाच मिनिटं!" मनीचा फोनवरचा आवाज कानात घुमत होता, निस्तं एकदा. ती पोर तिकडं जीव तोडून पळत होती आणि तिच्या बापाला मी कूलरची हवा दाखवत होते!

परसाच्या मागच्या दारानं बशीर आत आला. घामानं निथळत होता. पाठोपाठ व्यंकम्मा आणि तिच्यामागं निम्मी गल्ली.

"टीचर, गल्लीची सगळी लाइन तुमच्या बॉक्सपाशी येऊन मेली. सगळे खांब चढून आलो मी." त्यानं लोखंडी पेटीकडं बघितलं. मग लोंबकळणाऱ्या काळ्या वायरीकडं. मग सॉकेटकडं. मग सॉकेटातल्या वायरीवरून थेट कूलरपर्यंत नजर नेली. "ये प्लग कायकू निकाले?"

परसात फक्त कूलर घरघरत होता.

"त्या... त्या अडगळीचा इथं काय संबंध?" मी म्हणाले. आवाज वर्गातला काढायचा होता, निघाला पाचवीतल्या मुलीचा.

"टीचर, अडगळ? अख्ख्या गल्लीची केबल इसीच बॉक्समधनं जाते! आणि तुमचं नेट भी!"

"वायफायला तार नसते," मी म्हणाले. आता आठवलं तरी अंगाला काटा येतो, पण म्हणाले.

तेवढ्यात आमचे हे बर्फाची पिशवी घेऊन आले. सगळं दृश्य बघितलं आणि खोकले.

बशीरनं कूलर काढला, पेटीचा प्लग घातला. पेटीवर हिरवा दिवा लागला आणि पलीकडून, भिंतीच्या त्या बाजूनं, थापट मारल्याचा आवाज आला. लगेच व्यंकम्माच्या नातीची किंकाळी, "आलं! आज्जी, आलं!"

"आणि आमचं?" मी विचारलं.

आमच्या पडद्यावर अक्षरं उमटली. पुन्हा लॉगिन करा. आकडा रोहनच्या मोबाईलवर पाठवण्यात आला आहे.

दाजींनी ती अक्षरं सावकाश वाचली. मग माझ्याकडं बघितलं. मग धोतर सावरून व्यंकम्माच्या ओसरीकडं निघाले. शकूवन्सं त्यांच्यामागं पळाल्या. बशीर गेला, गल्ली गेली, बर्फाची पिशवी घेऊन आमचे हेही गेले! पॅटिओवर मी, बंद कूलर आणि चादर.

मी काही गेले नाही. त्या डबड्यासमोर मी बसू? मी रिमोट हातात घेतला. पण पलीकडून आवाज यायला लागला. "मनी उतरली! मनी उतरली!" मग काय करणार? मी धुण्याच्या दगडावर चढले, टाचा उंचावल्या आणि भिंतीवरून डोकावले.

त्या कुबड्या टीव्हीत सगळं जरा हिरवं दिसत होतं. पण दिसत होतं. मनी खांबापाशी अशी वळली की मागची पोरगी नुसती हवा धरून खाली बसली. परत खो, परत दुसरी अंगावर, ही मधूनच सुळकन पलीकडं! दाजी सर्वांत पुढं, जमिनीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर गच्च. एक मिनिट झालं. दोन झाली. आणि दाजी एकदम उभे राहिले.

"पळ मने! पळऽऽ! डावीकडनं आली, डावीकडनं!"

"अहो, खाली बसा, लोक बघत्यात," शकूवन्सं म्हणाल्या.

"बघू देत की! माजी पोरगी हाय ती!" मग बशीरचा दंड धरून, "शेरडाचं करडू हाताला घावंना म्हंजी असं बघ! माज्या बापाला घावली न्हाय ही!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दगडावर एका पायावर उभं राहून डोळे पुसता येत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं. मी घसरले, भिंतीला लोंबकळले. पलीकडून व्यंकम्मानं बघितलं.

"अय्यो टीचर! तिथं काय वटवाघूळ झालाय? इकडं या की! खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी, मघापासनं."

मी गेले. खुर्ची खरोखरच ठेवलेली होती, अगदी डबड्यासमोर.

संघ हरला. थोडक्यात हरला. सगळे हळहळले. दाजी मात्र ओसरीच्या कडेला जाऊन फोनवर बोलत होते, आणि दाजी फोनवर बोलतात तेव्हा अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. "व्हय, मीच. ऐतवारचं ऱ्हाऊ द्या पाव्हणं. न्हाय, न्हाय, पोरीला सवड न्हाय. फुडल्या सालाचं बी आत्ताच काय सांगत न्हाय." मग मनीला लावला. "मने, दोनदा चुकली की गं. उजवीकडं वळाया हवं हुतं." आयुष्यातला पहिला सामना बघून या माणसाला लगेच चुका कळायला लागल्या! शकूवन्सं रडत होत्या आणि व्यंकम्मा सगळ्यांना भज्यांची ताटली फिरवत होती.

मनावरचं ओझं उतरलं तसा माझा मूळ स्वभाव परत आला. निघताना मी सगळ्यांसमक्ष बशीरच्या खांद्यावर हात ठेवला. "काही झालं तरी बशीर, तू माझ्या हाताखालचा. गुरूची चूक पोटात घातलीस. गुरुदक्षिणेची केबल परत सुरू कर."

बशीर गोंधळला. "गुरुदक्षिणा कसली टीचर? बॉक्सला लाइट तुमची लागते ना? त्याच्या बदल्यात केबल. बारा साल हुए, सरांनीच तर ठरवलं."

आमचे हे इतके खोकले की व्यंकम्मानं पाणी आणलं.

"पण... सातवीत तुझा मी कान..."

"मैं तो उर्दू शाळेत होतो टीचर. तुमच्या शाळेचं गेटसुद्धा बघितलं नाही." त्याला माझी दया आली असावी. "लेकिन अपूर्णांक में कच्चा था, वो सच है."

ज्याचा कान मी पिळला होता तो कोण, हे अजून उलगडलेलं नाही. तो जिथं असेल तिथं, बाबा, माफ कर. तुझ्या कानाचं श्रेय मी बारा वर्षं भलत्याला दिलं.

टीव्ही बैठकीत परत आला आणि त्याला केबल लागली. परसाला आम्ही पुन्हा परस म्हणतो. त्या लोखंडी पेटीखाली मी माझ्या वळणदार अक्षरात एक कागद डकवला आहे: 'हा प्लग कुणीही काढू नये.' दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं वाळत घालताना बघितलं, तर खाली पेन्सिलीनं कुणीतरी जोडलं होतं, 'विशेषतः टीचरनी.' कुणी लिहिलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आमचे हे खोकले असते.